एकाच नावाची तीन घरं

बाजाराच्या जुन्या इमारतीत, जिन्याखालच्या तिरक्या कोपऱ्यात, किल्ल्या करून देणारी बाई बसायची. दुकान एका बाजूला उंच, दुसऱ्या बाजूला बुटकं. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते ताठ उभं राहून आणि सामान काढायचं ते वाकून. बावीस वर्षांत तिचं डोकं त्या जिन्याला किती वेळा आपटलं याची मोजदाद नाही. नवरा होता तेव्हा म्हणायचा, "तू एकदा आपटलीस की वरच्या मजल्यावर कळतं, बाजार उघडला."

नवरा जाऊन सात वर्षं झाली. यंत्र त्याचं, धंदा त्याचा. पण हात पहिल्यापासून हिचाच बरा, हे तोही मान्य करायचा, फक्त गिऱ्हाईक समोर नसताना. काम तसं साधं. यंत्राला दोन चिमटे. एकात जुनी किल्ली, दुसऱ्यात कोरी. जुनीच्या दात्यांवरून एक बोथट टोक सरकत जातं आणि त्याच्या बरोबरीनं शेजारचं चाक कोरीला तसेच दाते पाडतं. मग ब्रशवर धरून धार मोडायची, दोऱ्यानं पुठ्ठ्याचा तुकडा बांधून त्यावर 'मागचं दार', 'सासऱ्यांचं कपाट' जे असेल ते लिहायचं, आणि गिऱ्हाइकाला बजावायचं, "लावून बघा. अजिबात फिरली नाही तर फेकून द्या, मी दुसरी देते. पण अर्धी फिरली तर फेकायची नाही, घेऊन यायची. अर्धी फिरली म्हणजे किल्ली बरोबर आहे, एक हात कानस मारायची राहिलीय."

समोरच्या गाळ्यात घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ बसत. नवऱ्याचे दोस्त, म्हणून ही त्यांना भावजी म्हणायची (हिचं ऐकून लेकसुद्धा) आणि ते हिला वहिनी. लग्न केलं नव्हतं. का नाही म्हणून कुणी विचारलं तर म्हणायचे, "वेळच मिळाला नाही हो," आणि भिंतीवरच्या चाळीस घड्याळांकडे बोट दाखवायचे. हा विनोद तिनं बावीस वर्षं ऐकला होता आणि बावीस वर्षं त्याला हसून दिलं होतं. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

लेक एकच. लहानपणी दुकानात बसून कोऱ्या किल्ल्यांच्या भिंती रचायची, काड्यापेट्यांचे जिने करायची, म्हणून बापानं तिला मुंगी नाव ठेवलं, ते चिकटलं. शाळेत असताना तिला फोनवरच्या त्या ठोकळ्यांच्या खेळाचा नाद लागला. सगळं चौकोनी: झाडं चौकोनी, ढग चौकोनी, कोंबड्यासुद्धा चौकोनी. त्यात कुणी कुणाला हरवत नाही, नुसतं बांधत बसायचं. आई म्हणायची, "एवढ्या वेळात खरं घर बांधून झालं असतं." दीड वर्षापूर्वी मुंगी दूर देशी नोकरीला गेली. इथली सकाळ ती तिथली संध्याकाळ. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काचपट्ट्या तपासायचं काम.

जायच्या आधी, कपडे भरता भरता, पाठमोरीच म्हणाली होती, "आई, तूही चल ना."

आणि हिच्या तोंडून पटकन निघून गेलं होतं, "तिथं येऊन काय करू? तू कामावर जाणार आणि मला आत ठेवून कुलूप लावणार."

बोलली ती गमतीनं, निदान अर्धी गमतीनं. पण मुंगीनं पुन्हा विचारलं नाही. बाईचं आयुष्य कुलपं उघडण्यात गेलं होतं; ते वाक्य मात्र तिला परत उघडता आलं नाही. दर रविवारी सकाळी फोन व्हायचा. जेवलीस का, झोपलीस का, थंडी आहे का, भावजी कसे आहेत. पंधरा मिनिटांत दोघींचं बोलून संपायचं आणि मग दोघी एकमेकींचा श्वास ऐकत बसायच्या, ठेव आता, तू ठेव, करत.

चार महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी मुंगी म्हणाली, "आई, मी आपलं घर बांधलंय. त्या खेळात. गल्ली, जिना, दोन खोल्या, दुकानसुद्धा. भावजींची घड्याळंही लावलीत. तुला फाइल पाठवते. ती उघड, की तू थेट आत."

"थेट आत?"

"थेट आपल्या दारात."

बाईनं ते जसं ऐकलं तसंच मनात धरलं. लेकीनं किल्ली पाठवलीय.

आता ती किल्ली लागायला चार दिवस लागले. पहिल्या दिवशी खेळच उतरेना. फोन म्हणाला जागा नाही. जागा कशानं अडलीय ते पाहिलं तर भावजींनी रोज सकाळी पाठवलेली शुभ सकाळची फुलं, दोनशे बारा. ती काढून टाकताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं आणि ती समोर बघेना. दुसऱ्या दिवशी खेळ उतरला, पण फाइल दाबली की फोन विचारायचा, ही कशात उघडू? तिनं भीत भीत एक पर्याय दाबला, तर समोर फोल्डरात फोल्डर, आत आकडेच आकडे. घर मागितलं होतं, हाती विटांची यादी आली.

मुंगीनं तिथून समजावलं, "आई, वाटेत फाइलच्या नावाची शेपूट बदललीय. टिंबानंतरची अक्षरं पुस आणि मी पाठवते ती लिही. मग खेळाला ती आपली म्हणून ओळखता येईल."

हे मात्र बाईला लगेच कळलं. किल्ली बरोबर आहे, एक दाता चुकलाय, एवढंच. चौथ्या दिवशी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, तिनं नाव बदललं, चष्मा पुसला आणि फाइल दाबली. खेळ उघडला. वर एक हिरवी पट्टी आली आणि वाचायच्या आत गेली. काही झाल्यासारखं वाटेना. मागे येऊन तिनं पुन्हा दाबली. मग आणखी एकदा, अडलेल्या दाराला हिसका द्यावा तशी. आणि मग यादीत बघते तर 'आपलं घर' एकाखाली एक तीन वेळा लिहिलेलं.

तिला त्याचं काहीच वाटलं नाही. एका दाराच्या तीन किल्ल्या कुणाकडे नसतात? तिनं सगळ्यात वरची दाबली.

आणि ती दारात उभी होती. खरोखर त्यांचंच दार. बाहेरची खुंटी, नवऱ्याची छत्री अडकवायची ती. आत लेकीची खाट, लाल ठोकळ्यांची. खिडकीतून खालची गल्ली. पहिले दोन दिवस ती छताकडेच बघत चालली, कारण मान खाली कशी करायची ते सापडेना. एकदा कोंबडीला हात लागला आणि ती मेली, तेव्हा बाई दुकानात मोठ्यानं "अगं आई गं" म्हणाली आणि भावजी भिंग लावलेल्या डोळ्यानं उठून आले. पण हात तिचा होताच. आठवड्यात तिला चालता, चढता, ठोकळा लावता आणि काढता येऊ लागलं.

मग तिला पाटी सापडली. लाकडी, चार ओळींची, ओळीत जेमतेम दोन-तीन शब्द मावतील एवढी. पहिली पाटी तिनं मोरीजवळ लावली:

नळ गळत होता.
मीच बसवला.
आता थांबलाय.
बहुतेक.

फोनवर ती हे कधीच बोलली नसती. नळाचं काय सांगायचं दूर देशी? पण घरात सांगायला काय हरकत आहे. लेक कामावरून येईल, दमलेली असेल, वाचेल आणि झोपेल. उत्तर द्यायलाच हवं असं थोडंच आहे. रोज दुपारी अर्धा तास ती आत जायची, खिडकीत एक फूल लावायची आणि सांगण्यासारखं असेल त्या दिवशी एक पाटी. 'भावजींचा दात पडला. स्वतःच हसले. मग मीही.' 'आज एकच गिऱ्हाईक. तेही पत्ता विचारायला.' 'तुझ्या बाबांचा शर्ट सापडला. ठेवलाय. वास गेला.' पाट्या मोरीपासून निघून खोलीभर, मग जिन्यात, मग गल्लीत उतरल्या.

मुंगी फोनवर पाट्यांबद्दल अवाक्षर काढायची नाही, आणि आईला तेच आवडायचं. दोघींचं ठरल्यासारखं होतं ते: फोनवर थंडी, घरात खरं. एकदाच लेक म्हणाली, "परवा आपल्या घरात जाऊन आले गं."

"हो? मग?" हिचा जीव कानात.

"मग काय. बरं वाटलं. सगळं जागच्या जागी आहे."

तेवढ्यावर बाईनं पुढचा महिना काढला.

मग इमारतीची नोटीस लागली. जुना बाजार पाडणार. गाळेवाल्यांना मागच्या नव्या इमारतीत जागा, तिसऱ्या मजल्यावर. हवी असेल त्यांनी अमुक शनिवारपर्यंत सही करायची, नको असेल त्यांनी सामान उचलायचं.

"तुम्ही किती नंबरचा घेताय, भावजी?"

घड्याळजींनी भिंग डोळ्यावरून काढलं. "मी नाही घेत, वहिनी. भावाकडे जातोय. डोळे गेले आता. वेळ बघायची ती दुसऱ्यांनी बघावी."

ती हसली, सवयीनं. मग यंत्राकडे तोंड करून बराच वेळ एक कोरी किल्ली ब्रशवर घासत बसली. तिला दाते नव्हते, घासायचं काही कारण नव्हतं.

त्या सोमवारी तिनं एक्केचाळिसावी पाटी लावली. आधीच्या चाळीस आपल्या बिनकामाच्या, ही कामाची. जागा निवडायला तिला दोन दुपारी लागल्या होत्या. शेवटी घराच्या दाराबाहेर, कुलपाच्या उंचीवर, जिथून नजर चुकवून आत जाताच येणार नाही, तिथं लावली:

मी येऊ का
तुझ्याकडे
राहायला?
खरं सांग.

मंगळवार गेला, बुधवार गेला. रोज ती आत जायची ती दारातच थांबायची. पाटीखाली काही नाही. रविवारी फोनवर मुंगी म्हणाली, "थंडी फार वाढलीय." आईनं त्याचेही अर्थ लावून पाहिले.

पुढच्या मंगळवारी सकाळी चाकाला लागून तिचा अंगठा कापला. चिंधी गुंडाळलेल्या त्या अंगठ्यानं दुपारी तिनं खेळ उघडला. दाबायला गेली एक, लागलं खाली कुठंतरी. पण घर उघडलं, घराशी मतलब.

पाटी नव्हती.

दारावर काही नव्हतं. ती आत गेली. मोरीजवळ काही नाही. खिडकीत एकही फूल नाही. जिना मोकळा, गल्ली मोकळी. पहिल्या दिवशी होतं तसं घर, लख्ख, नवा भाडेकरू यायचा असल्यासारखं. चार महिन्यांचं बोलणं कुणीतरी हात फिरवून पुसून घेतलं होतं. आणि या घराची किल्ली दोघींकडेच तर होती.

म्हणजे लेक आली. वाचलं. 'खरं सांग' म्हटलं होतं, तर तिनं खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. यादीतलं सगळ्यात वरचं घर, नेहमीसारखं. रिकामंच. तिला काय ठाऊक, की जे घर शेवटी उघडलं असेल तेच त्या यादीत वर येऊन बसतं.

माणूस नकार कसा पचवतो हे बाईला तेव्हा कळलं. पहिल्या दिवशी तिनं यंत्र खोलून साफ केलं, स्क्रू न् स्क्रू. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्याचे वर्षभर पुरतील एवढे तुकडे कापले. तिसऱ्या दिवशी राग आला, आणि राग आल्यावर जरा बरं वाटलं. रागाला निदान बसायला जागा लागते, तो सोबत करतो. चौथ्या दिवशी, शनिवारी, तिनं तिसरा मजला चढून कारकुनाच्या कागदावर सही केली.

"खिडकीजवळचा गाळा आहे का हो?"

"आहे की. तिकडे कोणी मागत नाहीये, काकू. ऊन येतं."

"येऊ दे. कोणीतरी येईल तरी."

कारकून हसला. ती काही हसली नाही.

त्या रविवारी तिनं फोन उचलला नाही. बाहेर आहे म्हणून कळवलं आणि बाहेर जाऊन बसली, खोटं नको म्हणून. त्यापुढच्या रविवारी उचलावा लागला. पडद्यावर मुंगी, डोकं ओलं, खांद्यावर टॉवेल.

"आई, जेवलीस?"

"हो."

"काय चाललंय?"

"काही नाही. तिसऱ्या मजल्यावर गाळा घेतला."

"अगं, मग सांगितलं नाहीस! चांगलाय का?"

"खिडकी आहे."

मुंगीनं केस पुसायचे थांबवले. "आई, तू रागावलीयस."

"मी कोण रागावणारी."

"हे बघ. हे असं म्हणालीस की तू शंभर टक्के रागावलेली असतेस."

"नाही गं. बरं केलंस तू. तोंडावर सांगण्यापेक्षा ते बरं. नुसतं एवढंच, की बाकीच्या तरी ठेवायच्या होत्यास. त्यांनी तुझं काय घेतलं होतं?"

"कोणत्या बाकीच्या?"

"पाट्या."

"कसल्या पाट्या?"

बाईनं फोन जवळ घेतला. लेकीचा चेहरा तिनं जन्मापासून वाचला होता. खोटं बोलताना मुंगीची डावी भुवई वर जायची. भुवई जागच्या जागी होती.

"घरात लावल्या होत्या त्या," ती सावकाश म्हणाली. "आपल्या घरात. तुझ्या खेळातल्या. चार महिने लावतेय. तू पुसल्यास ना?"

मुंगीनं टॉवेल बाजूला ठेवला.

"आई, मी तुझ्या घरात येऊच शकत नाही."

"का? तुझंच तर आहे."

"माझं माझ्याकडे आहे. मी तुला पाठवलं ते तुझ्याकडे गेलं, ते वेगळं झालं. तू तिकडे फूल लावलंस तर माझ्याकडे उगवत नाही. एकत्र जायचं तर दोघींना एकाच वेळी जागं राहावं लागतं, आणि तुझ्या फोनला ते झेपत नाही."

"पण तू किल्ली पाठवलीस ना?"

"किल्ली नाही गं, आई. घरच पाठवलं."

बाईला कुठून तरी दूरवरून ऐकू आल्यासारखं झालं. बावीस वर्षं तिनं हजारो किल्ल्या काढल्या. किती काढा, दार तेच उघडणार, हे तिच्या बोटांत मुरलेलं. दाराचंच दुसरं दार निघतं, त्याच्यामागे तसंच दुसरं घर, तशीच लाल खाट, आणि तिथं तुमचं कुणी राहत नाही, हे तिच्या बोटांना कुणी शिकवलंच नव्हतं. चार महिने ती एका रिकाम्या घरात बोलत होती. आणि लेक आपल्या घरात जाऊन, सगळं जागच्या जागी बघून, परत जात होती.

"मग माझ्या कुणी पुसल्या?" तिनं विचारलं. आवाज लहान मुलीसारखा आला.

"थांब. तुझ्या यादीत ते नाव किती वेळा दिसतं?"

"तीन."

"तीन?" मुंगी हसायला लागली आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले. "अगं, तू तीनदा आत घेतलंस ते. तुझ्याकडे तीन घरं आहेत, आई. माझ्याकडे एक आणि तुझ्याकडे तीन. फोन ठेव आणि वरचं सोडून खालची दोन उघडून बघ. आणि सापडलं तर मला पाठव. सगळं. नावापुढे पेन्सिल आहे, ती दाब, अगदी खालपर्यंत जा, तिथं बाहेर पाठवायचं बटण आहे."

"तू वाचणार?"

"नाही, पुसणार," मुंगी म्हणाली. "वाचणार गं बाई! काय लिहिलंयस असं?"

"काही नाही. नळाचं आहे," म्हणत आईनं फोन ठेवला.

दुसरं घर उघडलं आणि सगळं तिथं होतं. बारा दिवस कुणी न आलेल्या घरात फुलं तशीच्या तशी. हा त्या खेळाचा एक बरा गुण. तिनं गल्लीतल्या पाटीपासून वाचायला घेतलं. आपणच लिहिलेलं वाचताना तिला त्या लिहिणाऱ्या बाईची जरा दया आली, जरा हसू आलं. 'आज पाहुणे आले. स्वप्नात.' हे कधी लिहिलं होतं? गल्ली, जिना, खोली, मोरी. मग बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

मी येऊ का तुझ्याकडे राहायला? खरं सांग.

एकदा बोट टेकवलं की पाटी फुटते. तेवढं केलं की बाकीच्या चाळीस पाठवता येतात आणि कुणाला काही कळत नाही. गाळा घेतलाय, सही झालीय. लेकीला तिथं एवढीशी जागा, तिला अवघड प्रश्न कशाला घालायचा? तिनं बोट नेलं. टेकवणार तोच तिच्या मनात आलं, की आपण घाबरतोय ते नकाराला. आणि नकारात तर आपण बारा दिवस राहून आलो. यंत्र साफ झालं, पुठ्ठे कापून झाले, खिडकी मिळाली. जेवण गेलं नाही असं दोनच दिवस.

तिनं बोट मागे घेतलं. पेन्सिल, खाली, खाली, बाहेर पाठवा. फाइलच्या नावाची शेपूट तपासली आणि धाडून दिली.

सोमवारी उत्तर नाही. मंगळवारी भावजींनी घड्याळं उतरवली. चाळीसच्या चाळीस चालू ठेवून खोक्यांत भरली, त्यामुळे टेम्पो निघाला तेव्हा आतून टिकटिक येत होती. "वहिनी, शुभ सकाळ पाठवत राहीन," ते म्हणाले. "तुम्ही बघता ना?" ती म्हणाली, "न चुकता." समोरचं शटर खाली आलं आणि तिच्या गाळ्यात नेहमीपेक्षा जास्त उजेड पडला, कारण भावजींचं पुढे आलेलं काचेचं कपाट आता अडवायला नव्हतं.

बुधवारी दुपारी फाइल आली. सोबत एक शब्द नाही. रविवारही नव्हता.

या वेळी तिनं फाइल एकदाच दाबली आणि दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसली. हिरवी पट्टी आली. यादीत चौथं नाव उमटलं: 'आईनं लावलेलं'.

प्रत्येक पाटीखाली दुसरी पाटी होती. नळाच्या खाली: 'नळाला दोरा गुंडाळायचा. किती वेळा सांगू?' दाताच्या खाली: 'भावजींना सांग, मी अजून हसतेय.' शर्टाच्या खाली नुसतं: 'मला पाठव.' तिला थांबून एकेक वाचायचं होतं, पण पाय, ते चौकोनी पाय, थांबेनात. जिना चढून ती दाराशी आली.

तिच्या पाटीखाली, कुलपाच्या जरा खाली:

खोली एकच आहे.
आधी महिनाभर
ये. मग दोघी
ठरवू. भीती वाटते.

ती वाचत राहिली. 'ये' होतं. 'मग ठरवू' होतं. भीती कुणाला, कशाची, ते नव्हतं. ओळ संपली होती. हो म्हणावं तर हो नाही, नाही म्हणावं तर नाही नाही. तो बारा दिवसांचा नकार तरी सरळ होता. याचं काय करायचं?

"काकू!" समोर एक बाई उभी होती, सकाळचंच गिऱ्हाईक, हातात पुठ्ठा लटकणारी नवी किल्ली. "ही लागत नाही हो."

"अजिबात फिरत नाही?" तिनं फोन बाजूला ठेवत विचारलं.

"फिरते, पण अर्धी. मी फेकणार होते, मग म्हटलं तुम्ही म्हणाला होतात..."

किल्लीवालीनं हात पुढे केला. किल्ली चिमट्यात धरली, कानस उचलली, आणि मग तशीच खाली ठेवली.

"दोनच मिनिटं बसता का? मला एक पाटी लावायचीय."

"पाटी?" बाईनं रिकाम्या दुकानाकडे, समोरच्या बंद शटरकडे पाहिलं. "कुठं?"

"घरी," किल्लीवाली म्हणाली आणि चष्मा सारखा करून, चिंधी सुटलेल्या अंगठ्यानं, अक्षर अक्षर शोधत लिहू लागली:

मी घोरते.
आधीच सांगते.
शर्ट येताना
घेऊन येते.

मग नावापुढची पेन्सिल दाबून ती खालपर्यंत गेली. फोन म्हणाला, जागा नाही. तिनं रिकामी दोन घरं काढून टाकली आणि पुन्हा दाबलं. पट्टी सावकाश भरू लागली. ती भरेपर्यंत तिनं कानस घेतली, किल्लीच्या तिसऱ्या दात्यावर एक हात मारला, फुंकर घातली आणि उजेडात धरून पाहिली.